उतारावर लावलेली जीप

कोणी न विचारता एखाद्याने "मी तर हातबी नाई लावला" म्हटलं, की मी आधी त्याचे हात बघते. हा माझा स्वभाव. आई म्हणायची, ही पोट्टी दुधातही पाणी शोधते. आणि म्हैस आमचीच, दूध काढणारीही आईच. लग्न होऊन हिंगणीहून अल्लीपूरला आले तेव्हा हा स्वभाव सोबत आला, आणि मागोमाग आली बाबांची जीप.

ती जीप मूळची पेट्रोलची. पेट्रोल परवडेना म्हणून बाबांनी तिच्यात डिझेलचं इंजिन बसवून घेतलं होतं. नव्वदच्या सुमारास आमच्या भागात असे उद्योग फार चालत. अंग एका गाडीचं, काळीज दुसरीचं. ज्वारी-कपाशीच्या बियाण्यावरून गावात तिला सगळे 'हायब्रीड' म्हणत. बाबा वांगी, कोबी, मेथी पिकवत आणि पहाटे तीत माल भरून वर्ध्याच्या बाजाराला नेत. अंधारात पोती दिसावीत म्हणून त्यांनी कापडी हुडाच्या आत, ड्रायव्हरच्या डोक्यावर एक लहानसा बल्ब लावून घेतला होता. त्याचं बटण त्याच्याजवळच होतं, गाडीची चावी नसली तरी तो लागे. गाडी ते कायम घरासमोरच्या उतारावर उभी करत, खालच्या मारुतीकडे तोंड करून. "उठल्याबरोबर देवाचं दर्शन होते तिले," म्हणत. पहाटे ती घरंगळत देवळापर्यंत जाई आणि तिथून तिचा आवाज येई. तो ऐकला की अंथरुणातून उठायचं, अशी माझी सवय झाली होती.

माझ्या सासऱ्यांचं अल्लीपूरला कापडाचं दुकान. नवरा गाठोडी घेऊन आठवडी बाजार करायचा, आज हे गाव, उद्या ते. लग्नात आम्ही काहीच मागितलं नाही, असं सासरे पुढे कितीतरी वर्षं सांगत. खरं आहे, मागितलं नाही. बोलणीच्या बैठकीत ते एवढंच म्हणाले, की पोराला एसटीच्या टपावर गाठोडी टाकावी लागतात आणि पावसात माल भिजतो. एवढ्यावर शहाण्या माणसाने समजावं. बाबा शहाणे होते. जीप धुऊनपुसून, रंगाचा हात मारून त्यांनी मांडवासमोर उभी केली. त्यानंतर स्वतःची वांगी ते दुसऱ्याच्या टेम्पोने न्यायला लागले.

लग्न उन्हाळ्यातलं. उन्हाळा, पावसाळा जीप चांगली चालली. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातला तेव्हा सासऱ्यांनी तिच्या बोनेटवर थाप मारली आणि माझ्याकडे बघून चक्क हसले. माझ्या लग्नानंतरचं त्यांचं ते पहिलं हसू होतं. म्हणून मला त्याचाही संशय आला.

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली, आणि जीप सकाळी उठेना. नवरा चावी फिरवायचा, कट् असा एकच आवाज यायचा आणि समोरचा लाल दिवा डोळा मिटल्यासारखा मंद व्हायचा. डिझेलच्या इंजिनाला थंडीत पहिला झटका मोठा लागतो, बॅटरी दमदार हवी, एवढं ज्ञान तोवर अख्ख्या गल्लीला झालं होतं. मग आमच्या सकाळी त्यातच जाऊ लागल्या. इंजिनावर कढत पाणी टाका, बोनेटवर बारदाना पांघरा, शेजारी पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करा. रात्री बॅटरी काढून घरात ठेवावी असं नवऱ्याने एकदा सुचवलं, तर सासरे म्हणाले, "तेजाब माह्या घरात येनार नाई." त्यांचं खरं होतं, तेजाब म्हणजे बॅटरीतलं ॲसिड, आणि घरात कापडाची ठाणं. शेवटी चारपाच जणांनी धक्का मारायचा. गाडी सुरू होईपर्यंत ऊन वर आलेलं असे आणि बाजारात चांगल्या जागा दुसऱ्यांनी धरलेल्या असत.

सासरे ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडत नसत. दुकानात बसून कापडाची कड बोटांत चोळत आणि गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखं म्हणत, "ठान वरून झकास दिसते. घडी उलगडली का समजते." गिऱ्हाईक मान डोलवी. मी आतल्या दारात उभी असे, आणि ते मला ऐकवण्यासाठीच आहे हे मला कळे.

समोरच्या घरात दुसरे एक कापडवाले राहत. तेही तेच बाजार करत. आमची गाडी बंद पडली की ते ओट्यावर चहाची बशी घेऊन बसत आणि शेवटच्या धक्क्यापर्यंत फुर्र फुर्र करत बघत. "हायब्रीडले थंडी बाधते बापा," ते म्हणत, "देशीले नाई बाधत." एकदा तर नवऱ्याने काही विचारलं नसताना म्हणाले, "रातभर आमचं कुत्रं भुकलं नाई. म्हंजे तुमच्या गाडीजवळ कोनी आलं नाई." मी त्यांचे हात बघितले.

कारण मला एक गोष्ट पक्की माहीत होती. हिंगणीची थंडी अल्लीपूरच्या दुप्पट. एका अंगाला बोरचं धरण, दुसऱ्या अंगाला जंगल. तिथल्या पहाटेला बादलीतलं पाणी हाताला चावतं. त्या थंडीत बाबांची जीप एकदाही बंद पडल्याचं मला आठवत नव्हतं. मग इथे, या उबदार काळ्या मातीच्या सपाट गावात, तिला थंडी कशी बाधते? दाल में काला होता, आणि मला तो खडा शोधायचा होता.

पहिला संशय हिंगणघाटच्या बॅटरीवाल्यावर. बॅटरी चार्जिंगला गेली की दोन दिवस त्याच्याकडे राही. आतल्या प्लेटा बदलत असेल, चांगली ठेवून घेऊन दुसऱ्याची देत असेल. मी बॅटरीच्या बुडाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून पाठवली. ठिपका जसाच्या तसा परत आला. नवरा म्हणाला, झालं समाधान? मी म्हटलं, नेलपॉलिश काय त्याच्या बायकोकडे नसेल? त्यावर तो जेवण अर्धं सोडून उठला.

दुसरा संशय समोरच्यांवर. रात्री जीपवर दव पडू नये म्हणून ताडपत्री टाकून तिच्या दोऱ्या बांधत. एका संध्याकाळी मी ताडपत्रीच्या कडेपासून चाकापर्यंत काळा शिवणदोरा बांधला आणि माझी नेहमीची दुहेरी गाठ मारली. ताडपत्री उचलायची तर दोरा तुटणार, म्हणजे चोर सापडणार. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बघितलं. दोरा तुटलेला नव्हता. कोणीतरी तो सोडला होता आणि परत बांधला होता, आणि गाठ माझी नव्हती.

ती गाठ मी ओळखली. कापडाचं गाठोडं बांधताना एक फास अर्धा ठेवतात, म्हणजे बाजारात एका हिसक्यात सुटतं. समोरचेही कापडवालेच, पण ते डावखुरे. त्यांच्या गाठोड्यांचा फास उलटा येतो, हे मी कितीदा बघितलं होतं. हा फास सुलटा होता. अशी गाठ आमच्या घरात तिघं मारत: सासरे, नवरा आणि सासूबाई.

त्या दिवसापासून मला घरात भाकर गोड लागेना. नवरा स्वतःच्याच गाडीचा गळा कशाला दाबेल? सासऱ्यांचं तर बाजाराचं नुकसान होत होतं. उरल्या सासूबाई. त्यांच्याविषयी मला काहीच माहीत नव्हतं, आणि जे माहीत नाही त्याचा मला सगळ्यात जास्त संशय येतो. त्या माझ्याशी कामापुरतं बोलत. भावाची मुलगी सून म्हणून आणायची त्यांच्या मनात होतं, असं एका लग्नात एक बाई माझ्या कानात सांगून गेली होती. त्यात ही जीप. जीप म्हणजे माझी या घरातली किंमत. ती खोटी ठरली की मी खोटी. हिशेब अगदी जुळत होता.

डिसेंबरच्या शेवटाला सासऱ्यांनी निकाल दिला. "इवाईले बोलवून घे," ते नवऱ्याला म्हणाले. व्याह्यांना आमच्याकडे इवाई म्हणतात. "म्हन, या अन तुमची गाडी घेऊन जा. आमाले कोनाचा आटलेला माल नाई पायजे." त्या बोलण्याचा अर्थ मला पूर्ण कळला. चारचौघांत दिलेली गाडी चारचौघांत परत जाणार, आणि बाबा फसवे ठरणार. मग मी या घरात कितीही वर्षं भाकरी थापल्या, तरी फसव्याची लेकच राहणार.

आणि खरं सांगायचं तर, आतून मला एक वेगळीच भीती कुरतडत होती. मी जगावर संशय घेत होते तो एका ठिकाणी घ्यायला लागू नये म्हणून. आपलंच नाणं खोटं असलं तर? हा विचार आला की मी घाईघाईने दुसऱ्या कोणाकडे तरी बोट दाखवत असे. बाबांवर संशय घेणं मला जमत नव्हतं, आणि जमत नाही याचाच राग येत होता.

बाबा येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी ठरवून कपडे वाळत घालायच्या तारेआड उभी राहिले. दिवेलागण झाली. सासूबाई तुळशीपाशी आल्या, दिवा ठेवला. एक दिवा गोठ्यात ठेवून आल्या, एक विहिरीच्या कठड्यावर. मग हात रिकामे, डोक्यावर पदर, इकडेतिकडे बघत त्या जीपकडे गेल्या. दोरी सोडली, ताडपत्री उचलली आणि आत शिरल्या. ताडपत्रीच्या फटीतून पिवळा उजेड आला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तरातरा गेले आणि ताडपत्री वर केली. सासूबाई ड्रायव्हरच्या सीटजवळ उभ्या होत्या. वर बाबांचा बल्ब लागलेला, आणि खाली त्यांनी हात जोडलेले.

"काय करून राह्यले, आत्याबाई?"

त्या दचकल्या. मग म्हणाल्या, "दिवा लावला, वं."

"गाडीले?"

"कार्तिकापासून संक्रांतीपर्यंत लावतो ना आपन. गाईले लावतो, विहिरीले लावतो. ज्याच्यावर घर चालते त्याले अंधारात ठेवू नाई. माहा पोरगा हिच्यावर रानोमाळ फिरते, मंग हिले काऊन नाई?" त्यांनी बल्बाकडे बघितलं. "तेलाचा दिवा ठेवाले भेव लागते. डिजल हाये. तुह्या बापानं लग्नात मले हे बटन दाखवलं होतं."

"आन रातभर तसाच?"

"दिवा कोनी हातानं विझवते काय?" हे मात्र त्या सासूच्या आवाजात म्हणाल्या. "पाह्यटे सडा टाकाले येतो तवा आपोआप शांत झाला राह्यते. तेल सरते. मंग मी बटन खाली करतो."

हसावं की रडावं ते कळेना. महिनाभर मी गावभर चोर शोधत होते, आणि इथे आमची बॅटरी रोज रात्री देवाच्या नावाने जळत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी त्यांना सांगितलं, की ते तेल म्हणजेच बॅटरी, ते सरतं म्हणूनच गाडी उठत नाही. त्या ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्या घरात निघून गेल्या, आणि बटण मी खाली केलं.

दुसऱ्या दिवशी बाबा एसटीने आले. पिशवीत वांगी होती. सासरे बैठकीत गादीवर, बाबा समोर खुर्चीच्या काठावर. मी दाराआड उभी होते. आत जाऊन सगळं सांगावं की नाही, ते ठरत नव्हतं. सांगितलं तर बाबा सुटणार आणि सासूबाई अडकणार. मग मला याच घरात त्यांच्या हाताखाली राहायचं होतं. सासऱ्यांनी ठाणाचं, घडीचं सुरू केलं.

तेवढ्यात सासूबाई माझ्या अंगावरून पुढे गेल्या. इवायासमोर बैठकीत त्या कधी पाऊल टाकत नसत. पदर ओढून त्या उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गाडीत खोट नाई. चूक माही हाये. मी रोज संध्याकाळी तिच्यातला बलब लावून ठेवत होतो. त्यानं बॅटरी मेली."

सासऱ्यांचं तोंड उघडं राहिलं. नवरा आधी माझ्याकडे आणि मग आईकडे बघू लागला. बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं, व्याह्यांच्या बायकोचा कमीपणा बघायला नको म्हणून. किती सभ्य माझा बाप, असं वाटून मला भरून आलं.

सासरे कसेही असले तरी व्यापारी होते. आपल्या हातून माल खराब झाला तर भरपाई आपली, हा त्यांचा नेम. "नवी बॅटरी मी टाकतो," ते म्हणाले. बाबा घाईने म्हणाले, "नाई नाई, मी टाकून देतो." सासूबाई म्हणाल्या, "तुमी काऊन?" आणि बाबा परत खाली बघू लागले. मग चहा झाला. वांग्यांची भाजी झाली. बाबा जेवून परत गेले. जीप आमच्या अंगणातच राहिली.

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. त्यानंतर वर्षभर सासूबाई विहिरीवर, चक्कीवर, हळदीकुंकवाला जिथे जातील तिथे कोणीतरी विचारे, "काय वं, बलबात तेल टाकलं काय?" समोरचे तर ओट्यावरून रोज विचारत. त्या एक शब्द उलट बोलल्या नाहीत. नव्या बॅटरीवर जीप धडाक्यात चालली. मी मात्र सासूबाईंच्या आधी सडा टाकायला उठायला लागले, एवढंच मला त्यांच्यासाठी करता येत होतं.

पुढच्या हिवाळ्यात त्या जीपसमोर जरा लांब, विटेवर पणती ठेवू लागल्या. त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी वारा सुटला होता आणि पणती टिकेना. दुसऱ्या दिवशी पहाटेच नवऱ्याला गिरडकडे निघायचं होतं. सणाचा दिवस, पोरगा लांब जाणार; सासूबाईंना राहवलं नसावं.

पहाटे आम्ही दोघी अंगणात आलो. मी ताडपत्री ओढली, आणि आत बाबांचा बल्ब ठणठणीत जळत होता. रात्रभर जळला होता आणि जराही मंद झाला नव्हता. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी आत हात घातला आणि जन्मात पहिल्यांदा दिवा हाताने विझवला. नवरा मफलर गुंडाळत आला, बसला, चावी फिरवली. कडाक्याची थंडी होती. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि निघूनही गेली.

मी तिथेच उभी राहिले. चांगल्या बॅटरीला तो एवढासा बल्ब रात्रभरात काहीही करत नव्हता. म्हणजे बाबांनी दिलेली बॅटरी आधीच अर्धमेली होती. आणि मग मला हिंगणीच्या आमच्या घरासमोरचा उतार दिसला. गाडी घरंगळत देवळापर्यंत जायची आणि तिथून आवाज यायचा. मारुतीचं दर्शन वगैरे काही नव्हतं. थंडीत चावीने ती गाडी कधी उठतच नव्हती. लोटून दिल्याशिवाय ती हिंगणीतही सुरू होत नव्हती. रोज सकाळी मी ज्या आवाजाने उठत होते, त्यात सगळं सांगितलेलं होतं. दुधात पाणी शोधणाऱ्या मला ते ऐकू आलं नव्हतं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "एवढ्याशा बलबानं त..."

"मले माहीत हाये."

"कवापासून?"

"तुहा बाप बैठकीत बसला होता तवापासून. चूक माही हाये म्हनलं, त त्यानं मान खाली घातली. ज्याची चूक नसते तो मान वर करते, वं."

वर्षभर लोकांचं हसणं त्यांनी या माहितीसकट सोसलं होतं. त्यांनी ताडपत्रीची घडी घातली, कडा जुळवल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माह्या बापानं आंदनात गाय देल्ली होती. आटलेली निंगाली. माही सासू मरेपर्यंत मले त्या गाईवरून बोलली."

मग त्यांनी बादली माझ्या हातात दिली. "जा, पानी आन. सडा टाकाचा राह्यला."

मी विहिरीवर गेले. कठड्यावर रात्रीची पणती विझून पडली होती. तिच्याजवळ बसून आधी पोटभर रडून घेतलं, मग बादली भरली.